हंसाच्या हातची शेवटची सुकेळी

सकाळपासून जयरामने बॅग चार वेळा भरली आणि चार वेळा उपसली. तीनला गाडी येणार, रात्री विमान, सकाळी मॉरिशस. पापडी गावच्या वाडीवाल्यांची बारा जणांची सहल. नावं दिली तेव्हा त्याची बायको हंसा होती. आता अकराच निघाले होते.

मॉरिशसचं वेड मुळात हंसाचंच. तिकडे परातीएवढ्या पानांची कमळं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत, ती गणपती बसवतात, हे तिने कुठेतरी ऐकलं आणि तेच घोकत बसली. "त्यांच्याकडे रिकाम्या हाताने नाय जायचं," म्हणायची. उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून, वाळवून तिने सुकेळी केली आणि केळीच्याच वाळक्या पानांत बांधली. श्रावणात ती गेली. बाकीच्या पुड्या दिवसकार्यात संपल्या. ही एक उरली. पाच महिने जयरामने तिची गाठ सोडली नव्हती.

आता ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध होती.

"बाबा, ही नाही नेता येणार," सून तेजस्वी म्हणाली. सहलवाल्यांचा कागद तिच्या हातात होता. "फळं, पानं काही चालत नाही. तिकडे विमानतळावर काढून घेतात, कचऱ्यात टाकतात."

"हंसाच्या हातचं कचऱ्यात?"

"म्हणून तर सांगते. इथे ठेवा, मी सांभाळते."

"मग मीच नाय जानार!"

तो वाडीत गेला, पंपाला हात लावून परत आला, ओट्यावर बसला, पुन्हा उठला. तेवढ्यात शेजारचा कॉन्रॅड नवी टोपी घालून आला. तोही सहलीतलाच.

"अरे जयराम, गाडी नाक्यावर आली नि तू अजून लुंगीत? मॉरिशसवाले घाबरतील ना!"

जयराम घरात गेला. आतून पुडी घेऊन आला आणि अंगणात उभ्या उभ्याच गाठ सोडायला लागला. हंसाची गाठ पक्की. शेवटी दात लावावे लागले. आत चार सुकेळी निघाली. एक तेजस्वीला दिलं, एक कॉन्रॅडला. दोन त्याने खाल्ली. एक त्याचं, एक तिच्या वाटचं.

कॉन्रॅड बराच वेळ नुसता चघळत राहिला. मग म्हणाला, "दाताला बसलं रे. एवढं काय विमानतळावर कोणी काढून घेत नाय."

जयरामला हसू आलं आणि डोळेही भरले. तो आत गेला, पँट चढवून बॅग घेऊन आला. तेजस्वीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"चूळ भरा, बाबा."

"नको," तो म्हणाला आणि तोंड मिटून गाडीत जाऊन बसला.