सात दिवसांचा तारा

आमच्याकडे एकाच ताऱ्याचे बेचाळीस वर्णपट होते. छत्तीसांत सोडियमची रेषा काळी, सहांत तेजस्वी. आणि तेजस्वी रेषा बरोबर दर सातव्या दिवशी.

तारा तसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. पाच हजार प्रकाशवर्षं दूर, फुगून सूर्याच्या एकतीसपट झालेला, लाल, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. एवढं धूड दर आठवड्याला वेळापत्रक लावून भडकतं, याची प्रोफेसर फेर्मिन आस्तुदियोंना शंका यायला हवी होती. त्यांना आनंद झाला. शोधनिबंध पुढच्या सोमवारी जाणार होता. त्यावर दुसरं नाव माझं, आणि माझी पदवी त्या निबंधावर.

"प्रोफे, तारा सेकंदाला साठ किलोमीटरनं दूर चाललाय. त्याच्या सगळ्या काळ्या रेषा सरकल्यात. ही तेजस्वी तेवढी जागेवरच उभी आहे."

"हट्टी असेल. तुझ्यासारखी."

"शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वर्णपट घेऊ या?"

"अगं नायारेत, त्याचं नावच रिकामं आकाश. त्यात काय बघायचंय, पोरी?"

तेवढ्यात खालच्या गावातून आरोळी आली: गोल! मी वेधशाळेच्या घुमटाच्या फटीतून वाकून पाहिलं. फुटबॉलच्या मैदानावर पिवळे दिवे लागले होते. सोडियमचे. तो दिवस रविवार होता, आणि गावातले सामने रविवारीच होतात.

शनिवारी मी गावच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षबाई, दोन्या ओर्तेन्सिया, यांच्या स्वयंपाकघरात उभी होते. त्या एम्पानादांत, म्हणजे मांसाच्या करंज्यांत, सारण भरत होत्या.

"दिवे बंद? फायनलला? समोरचे म्हणतील, हरायच्या भीतीनं अंधार केला!"

"मध्यंतरात, दोन्या. पंधरा मिनिटं."

"ते दिवे एकदा विझले की गार होईपर्यंत पेटत नाहीत. पंधरा मिनिटं तर त्यातच जातात."

"तेवढीच हवीत."

"पाच हजार वर्षं वाट चालून आलेला उजेड, आणि घाई तुला!" त्यांनी एक कड मुरडली. "बरं. अंधारात एम्पानादा जास्त खपतात. मांस किती, कांदा किती, ते दिसत नाही."

रविवारी पहिल्या हाफमध्ये रेषा झगझगीत आली.

"बघ!" प्रोफेसर म्हणाले. "किती शिस्तीचा तारा. तुम्ही मुलं वर्गात कधी इतक्या वेळेवर आलात?"

मग खाली शिट्टी वाजली. दिवे गेले. गावानं अंधाराला मनसोक्त शिव्या घातल्या.

"प्रोफे, अजून एक घेऊ?"

"घे, घे. निबंधाला शोभा येईल."

दहा मिनिटांनी वर्णपट पडद्यावर उतरला. मी आकडे मोठ्यानं वाचले.

तापमान ३,९०० केल्विन. सोडियमची काळी रेषा साठ किलोमीटरच्या हिशेबानं सरकलेली. तेजस्वी रेषा: शून्य. ती मैदानाच्या दिव्यांबरोबरच विझली होती.