बायकांचा टोप, नग एक

सत्तेचाळिसाव्या ओळीवर यौ वन-श्युंग थांबले.

"काय झालं, यौदादा? नग जुळत नाहीत?" समोरच्या टेबलावरून फंगताईंनी विचारलं.

"जुळतात."

ओळ अशी होती : बायकांचा केसांचा टोप, खऱ्या केसांचा, नग एक. पाठवणारा सोलचा. माल घेणारी व्यक्ती, लिन बी-युन.

बी-युन त्यांची बायको. तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. पंचांग बघून काढलेली अंत्यविधीची वेळ उद्या सकाळी नऊची होती; तोवर देह शवागारात ठेवला होता. बायको गेल्यावर मिळणारी रजा संपली तसे वन-श्युंग कालच कामावर रुजू झाले होते. उद्याची एक दिवसाची वेगळी रजा त्यांनी आधीच लिहून दिली होती.

तायुएन विमानतळाजवळच्या त्या कचेरीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कचेरीच्या छपरावरून दर चार मिनिटांना विमान जायचं आणि बोलणारा माणूस तेवढ्यापुरता गप्प व्हायचा. काम एकच. परदेशातून विमानानं येणाऱ्या लहान पार्सलांची सुटसुटीत घोषणापत्रं भरून कस्टमकडे धाडायची, तीही विमान उतरायच्या आधी. माल हवेत असतानाच कागदावर उतरलेला असला पाहिजे, असं ते नव्या माणसांना सांगत. पत्र गेलं की माल घेणाऱ्याच्या मोबाइलवर निरोप येई : हा माल तुमचाच का? त्यानं 'होय' दाबलं की दुपारपर्यंत पार्सल गोदामातून सुटे.

घरीही त्यांचं असंच होतं. विजेचं बिल यायच्या आधी पैसे तयार, वादळाच्या चार दिवस आधी खिडक्यांना पट्ट्या. "तुम्ही जन्मालासुद्धा अर्ज देऊनच आला असाल," बी-युन म्हणायची.

वसंतात औषधांनी तिचे केस गेले. बाजारातून आणलेला टोप तिनं तासाभरात काढून टाकला. "डोक्यावर बाहुली बसवल्यासारखं वाटतं," म्हणाली. मग एका रविवारी मुलीनं, यी-च्येननं, शिवणाच्या टेपनं आईच्या डोक्याचं माप घेतलं आणि सोलच्या कारागिराकडे मागणी नोंदवली. कानापर्यंत केस, डावीकडे भांग. "चार पांढरे घालायला सांग गं," बी-युन म्हणाली होती, "नाहीतर शेजारीण म्हणेल, मरायला टेकली तरी नटणं सुटत नाही." मागणी तिच्याच नावावर, तिच्याच मोबाइलवरून. तयार व्हायला नऊ आठवडे लागणार होते. सातव्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही. शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, पण एक गोष्ट तिनं दोघांनाही धडधडीत सांगितली होती : "मला उघड्या डोक्यानं पाठवू नका."

वन-श्युंगनी सगळ्या ओळी तपासल्या आणि दहा पंचवीसला घोषणापत्र धाडलं. विमान अकरा दहाला उतरणार होतं. मिनिटभरात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बी-युनचा मोबाइल थरथरला. तो ते रोज चार्ज करून बरोबर आणत होते. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी तो टेबलावर ठेवला. हा माल तुमचाच का? होय. नाही.

फंगताई उठून आल्या. त्यांनी पडदा वाचला, वरचं नाव वाचलं.

"दाबा की," त्या हळूच म्हणाल्या.

"नाव तिचं आहे."

"मग? घेणारे तुम्हीच ना? अख्खा देश नवऱ्याचे आणि सासूचे मोबाइल दाबत बसलाय."

"नाव बदलायचं तर सोलहून पाठवणाऱ्याचं पत्र लागेल."

"त्यांची सणाची सुट्टी सोमवारी संपतेय. आणि उद्या नऊला काय करणार? दादा, आज कायदा जरा बाजूला ठेवा."

वन-श्युंगना एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी एका माणसाचा फोन आला होता. आई अतिदक्षता विभागात आहे, तिच्यासाठी मागवलेल्या गादीला मीच होकार देऊ का, असं तो विचारत होता. ज्याचं नाव त्याचंच बोट, असं वन-श्युंगनी त्याला सांगितलं होतं. शांतपणे, 'साहेब' म्हणून. गादी परत गेली होती.

तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. यी-च्येन होती.

"बाबा, आला का?"

"विमान यायचंय."

"सकाळी सातला अंत्यविधीवाले आईला तयार करणार आहेत. त्यांच्याकडे टोप आहेत, पण प्लॅस्टिकचे, दहनात चालत नाहीत म्हणे. आपला आजच हवा. संध्याकाळी तुम्ही घेऊन येताय ना?"

"बघतो."

"बघतो काय? बाबा, तुमचंच तर ते काम!"

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट करायला एक सेकंद लागला. त्यांनी 'होय' दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरत राहिला. मग लाल अक्षरं आली : या ओळख क्रमांकाची नोंद बंद झाली आहे.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"असं कसं?" फंगताई म्हणाल्या. "मृत्यूची नोंद झाल्याशिवाय क्रमांक बंद होत नाही. आणि त्याला तर महिन्याची मुदत असते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही एकोणतिसाव्या दिवशी..."

"मी दुसऱ्याच दिवशी गेलो होतो," वन-श्युंग म्हणाले. "नोंदणी कचेरी उघडायच्या आधीच. रांगेत पहिला होतो."

फंगताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वरून विमान गेलं. ते गेल्यावर वन-श्युंगनी टेबलावरचा फोन उचलला.

पुढचा सगळा दिवस त्यांनी फोन केले. कस्टमच्या खिडकीवर गेले, विनंतीचा अर्ज दिला. खिडकीतला अधिकारी त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला. "यौ साहेब, पत्राशिवाय मी काय करू ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मी करतो."

वन-श्युंगनी अर्जाची घडी घातली. "पत्राशिवाय होत नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा यी-च्येन जमिनीवर बसून आईबरोबर दहनात द्यायची कागदी कमळं घडवत होती. तिनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, स्वतः रांगेत पहिला होतो हेसुद्धा.

ती बराच वेळ कागदाची कड नखानं दाबत राहिली.

"तुमचं सगळं वेळेवर, बाबा," ती म्हणाली. "आई गेली, तेही तुम्ही अगदी वेळेवर कळवलंत."

तिचा आवाज चढला नव्हता. वन-श्युंग तिच्या शेजारी खाली बसले, कागद घेतला आणि घडी घालू लागले. त्यांना ते नीट जमत नव्हतं. तिनं त्यांच्या हातातून कमळ घेतलं, उकललं, परत घडवलं आणि ढिगात ठेवलं.

सकाळी बी-युनच्या डोक्याला तिचा निळा रेशमी रुमाल बांधला. यी-च्येननं तो तीनदा सोडून तीनदा बांधला. कपाळावर तो नीट बसत नव्हता.

मंगळवारी सोलहून नाव बदलून देणारं पत्र आलं. कारागिरानं उशीर झाल्याबद्दल माफी मागितली होती आणि टोप बाईंना आवडेल अशी आशा व्यक्त केली होती.

"आता कशाला?" फंगताई म्हणाल्या. "मालावरचा हक्क सोडला असं लिहून द्या. ते नष्ट करतील. घरी नेऊन रोज बघत बसणार आहात का?"

"माल आहे तर कागद हवा," वन-श्युंग म्हणाले आणि नवं घोषणापत्र उघडलं.

माल घेणारी व्यक्ती : यौ वन-श्युंग. माल : बायकांचा केसांचा टोप, खऱ्या केसांचा. नग : एक. खाली उपयोगाचा रकाना होता. सुटसुटीत पत्रात त्याला दोनच चौकटी असतात. विक्रीसाठी, आणि स्वतःच्या वापरासाठी.

फंगताई बघत होत्या. त्यांनी मान वळवली आणि उगाचच आपल्या कपातला थंड चहा ढवळला.

वन-श्युंगनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. मग नेहमीसारखं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत सगळं एकदा वाचून काढलं. चूक कुठेच नव्हती.