राजीला मैदानाबाहेर कुणी बसवलं?

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. विजेचा नव्हे, खो-खोचा. मंद्रूपच्या एका शाळेच्या मैदानात मी उभा आहे, आणि मला राग आलेला आहे. लाकडाला कसला राग, असं म्हणू नका. आधी ऐका.

रुद्रप्पा सुतारांनी मला सागाच्या ओंडक्यातून घडवलं. खेळणाऱ्यांच्या तळहातात कुसळ जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्यावरून पुन्हा पुन्हा रंधा फिरवला. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दसऱ्याला झेंडूची माळही मिळायची. पुढे गावाला क्रिकेटचं वेड लागलं आणि लोक मला शेळ्या बांधू लागले. मग गुरुशांत सर आले. त्यांनी मुलींचा संघ उभा केला, मला तेल चोळलं, आणि मैदानात पुन्हा ‘खो’ घुमू लागला.

त्या संघात राजनंदिनी होती. सगळे तिला राजी म्हणत. ज्ञानबा आणि मायाक्का या मेंढपाळ जोडप्याची ही मुलगी. एका हाताने मला धरून ती असा सूर मारायची की पळणारीला कळायच्या आत बाद! तिची जिवलग मैत्रीण उत्कर्षा. शाळेच्या समितीचे अध्यक्ष बापूसाहेब यांची ती लेक.

नववीत राजीला खोकला झाला. औषध आणलं. खोकला गेला, पण औषध सुटलं नाही. ते प्यायलं की छान गुंगी येते, परीक्षेची भीती वाटत नाही, हे तिला कळलं होतं. मग लपूनछपून बाटल्या येऊ लागल्या. एक दिवस सरावात धावता धावता ती माझ्यापाशीच कोसळली. मायाक्काने तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे राहून राजीने सगळं सोसलं. अंगाचा थरकाप, उलट्या, न येणारी झोप. डॉक्टरांनी सांगितलं, “हा आजार आहे. उपचार चालू ठेवा आणि हिला खेळू द्या.”

राजी परत आली. बुटांच्या नाड्या आवळून मैदानात उतरली, तर समोर बापूसाहेब आणि चार-पाच पालक उभे.

“ही पोरगी संघात नको,” बापूसाहेब म्हणाले. “आमच्या पोरींना नाद लागंल.”

हे बोलताना त्यांच्या तळहातावर तंबाखू होती! त्यांनी ती मळली, चुना झटकला, दाढेत धरली आणि माझ्या बुडाशी पिंक टाकली. बाकीचे माना हलवत होते.

मायाक्का पुढे आली. “पोरगी आजारी हाय माजी, चोर न्हाय. टायफॉइड झाला असता तर असं बोलला असता व्हय?”

 गुरुशांत सर नुसते शिट्टीशी चाळा करत राहिले. मला तेल चोळणारे हेच ते हात!

राजी कुंपणाच्या भिंतीशी बसू लागली. मुलं तिला ‘बाटली’ म्हणून हाक मारत. एसटीत बायका तिच्या शेजारून उठत, म्हणून तिने दवाखान्यात जाणंही थांबवलं. मित्रांनो, दवाखान्याने उभी केलेली पोर गावाने पुन्हा आजारी पाडायला घेतली होती.

एका दुपारी उत्कर्षा एकटीच आली आणि मला टेकून रडू लागली. तिचे हात थरथरत होते. राजीने ते भिंतीजवळून पाहिलं आणि धावत आली.

“अजून घेतीस?”

“सुटतच न्हाय गं.”

तेव्हा मला कळलं. लपूनछपून येणाऱ्या त्या बाटल्या दोघी मिळून पीत होत्या. राजीने तिचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

“घरी सांग. दवाखान्यात मारत न्हाईत. झोप लागली का, जेवलीस का, असं इचारतात.”

“बाबा तुला काय म्हणाले ते ऐकलंय मी,” उत्कर्षा म्हणाली. “मला घरात ठिवतील?”

तेवढ्यात बापूसाहेब तिला न्यायला आले. मुलीची अवस्था पाहून ते घाबरले.  उत्कर्षाने राजीचा हात घट्ट धरून ‘तू सांग’ अशी मान हलवली, तेव्हा राजीनेच सगळं सांगितलं. बापूसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

“हळू बोल, पोरी. गावात कुणाला सांगू नगंस.”

“न्हाय सांगणार,” राजी म्हणाली. “पण माजं तुमी सगळ्यांना सांगितलं की.”

बापूसाहेबांची मान खाली गेली. उत्कर्षाला लांबच्या दवाखान्यात नेलं आणि गावात सांगितलं, ती मावशीकडे गेली आहे. सगळ्यांनी मावशीची ख्यालीखुशाली विचारली. राजी मात्र भिंतीशीच. दवाखान्यात ती पुन्हा जाऊ लागली, कारण आता मायाक्का एसटीत तिचा हात हातात धरून बसे.

उत्कर्षा परतली तेव्हा सराव चालू होता. बापूसाहेब फाटकाशी उभे होते. ती सरळ मैदानाच्या मधोमध गेली.

“मी मावशीकडं नव्हते. राजीला जो आजार झाला, तोच मला झाला होता. तिला बाहेर बसवायचं असेल तर मलाही बसवा.”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. सरांनी फाटकाकडे पाहिलं, मग नजर वळवली. ते भिंतीपर्यंत चालत गेले. “राजनंदिनी, माझं चुकलं. चल, खेळायला ये.”

राजी लगेच उठली नाही. तिने सरांना बराच वेळ ताटकळत ठेवलं. बरं केलं!

मित्रांनो, व्यसनात सापडलेलं पोर आधीच घाबरलेलं असतं. त्याला नावं ठेवलीत, तर ते व्यसन सोडत नाही, फक्त तुमच्यापासून लपवतं. तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर त्याच्या शेजारून उठू नका. त्याला दवाखान्यात जायचं असेल तर सोबत जा. आणि मोठी माणसं त्याला मैदानाबाहेर काढू लागली, तर तुम्ही मोठ्याने विचारा, “का?”