ही की ही?

बाबांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि तपासणीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस."

"माझा नंबर वाढलेला नाहीये, बाबा."

"ते मी ठरवीन. चष्मेवाला मी आहे."

लेक कुरकुरत बसली. उद्या सकाळी तिला कॉलेजला कळवायचं होतं. मानसशास्त्र घ्यायचं हे तिने केव्हाच ठरवलं होतं, त्यावरून घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. घोडं अडलं होतं ते जोडीच्या दुसऱ्या मुख्य विषयावर. संख्याशास्त्र घेतलं तर कॉलेज इथलंच, बसने जाऊन-येऊन करण्यासारखं. भाषाशास्त्र हवं असेल तर दूरच्या शहरात, वसतिगृहात राहायचं. प्रवेश दोन्हीकडे मिळत होता. गेले काही दिवस ती संख्याशास्त्राचे गोडवे गात होती आणि बाबा नुसते हं हं करत होते.

बाबांनी तिच्या नाकावर तपासणीची गोल, जडशीळ फ्रेम चढवली. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन फाटलं होतं, आणि ते फाडण्याचं श्रेय तिचंच होतं. शाळा सुटली की ती थेट इथे यायची. बाहेर काउंटरवर आई गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमी बसवून बघायची, आत बाबा नंबर काढायचे. एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "ही की ही?" दिवसभर तोच प्रश्न. मग तो घरीही आला. पडदे निवडताना, चादर घेताना, रविवारी कुठली वाट धरायची ते ठरवताना तिघंही एकमेकांना तेच विचारायचे. उत्तर पटकन द्यायचं, हा आईचा नियम. वेळ लावला की माणूस समोरच्याचं तोंड बघून बोलतो, असं तिचं म्हणणं.

बाबांची त्यात एक खोड होती. एखादं गिऱ्हाईक फारच भिडस्त वाटलं, की ते काच काढायचे आणि पुन्हा तीच घालायचे. बिचारा लगेच म्हणायचा, "वा! दुसरी झकास!" काउंटरच्या बाजूला, मधल्या पडद्याआड आई तोंडावर हात दाबून हसायची. तशा लोकांना तिने नावच ठेवलं होतं, होयबा.

लेकीचं लक्ष मात्र लोकांच्या बोलण्याकडे असायचं. धूसर दिसतं, एवढं साधं सांगायचं, पण एकाची अक्षरं पाण्यात पडलेली असायची, दुसऱ्याची एकमेकांच्या अंगावर रेलायची. एक आजोबा तर म्हणाले होते, अक्षरं माझ्यावर रुसलीत. असं काही ऐकलं की ती धावत जाऊन आईला सांगायची, आणि आई हातातलं काम टाकून ऐकायची. ते दिवस आठवले की तिला अजून रडू येई. आई गेल्यापासून काउंटरही बाबाच सांभाळत होते. दुपारी ती नसली की त्यांचा डबा तसाच परत येई, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"तक्त्याकडे बघ," बाबा म्हणाले. "मानसशास्त्र आणि काय, ठरलं ना?"

"ठरलं की. संख्याशास्त्र. आकड्यांशिवाय मानसशास्त्रात पान हलत नाही. सगळे तेच सांगतात."

"आणि ते आजोबांच्या रुसलेल्या अक्षरांचं?"

"ते काय, लहानपणीचे खेळ."

बाबांनी काच घातली. "ही..." काढली, पुन्हा टक् आवाज झाला. "...की ही?"

तिचं चित्त तक्त्यावर नव्हतंच. "दुसरी," ती म्हणाली. "एकदम स्वच्छ."

बाबा फडक्याने बोटं पुसत राहिले. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तीच होती?"

"तीच."

"बाबा!"

"होयबा," बाबा म्हणाले, आणि दोघंही खो खो हसत सुटली. हसताना दोघांचीही नजर पडद्याकडे गेली.

हसू ओसरलं तशी ती उठली. फ्रेम काढून हातात धरली.

"आता तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"बसा म्हणते ना."

बाबा बसले. त्या खुर्चीत ते एकदम लहान दिसले. तिने फ्रेम त्यांच्या कानांवर नीट टेकवली, ड्रॉवरमधून हाताला येतील त्या दोन काचा घेतल्या, एक घातली आणि त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. समोर आरसा होता. त्यात तक्ताही दिसत होता आणि बाबाही.

"ही," ती म्हणाली, "म्हणजे मी इथे. रोज संध्याकाळी घरी." तिने काच काढली. दुसरी घातली. "की ही? मी तिकडे, आणि तुम्ही एकटे. पटकन सांगा. विचार करायचा नाही."

"दुसरी," बाबांनी पटकन सांगितलं. "शेवटची ओळसुद्धा लख्ख दिसतेय."

तिने आरशात पाहिलं. काचेमागे बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

आईने ठेवलेलं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"मग भाषाशास्त्र," ती म्हणाली, आणि फ्रेम काढायची सोडून ड्रॉवरमधल्या काचा उगाचच नीट लावत बसली, त्यांचे डोळे उघडेपर्यंत.