धुऱ्यापाशी थांबलेली खापरं

सकाळी सव्वासात वाजता यामिनी भोयर यांनी वडनेरच्या अलीकडे, मधुकररावांच्या वांग्याच्या वावरात शेवटची लाल झेंडी रोवली आणि पुढे जाण्याऐवजी त्या मागे वळून पाहू लागल्या.

त्या हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतात. गेले काही हिवाळे सुटीच्या दिवशी त्या नाल्याकाठची वावरं पायी तुडवत होत्या. जुन्या भांड्यांची खापरं दिसतील तिथे झेंडी, मोबाइलवर जागेची नोंद, घरी येऊन नकाशावर ठिपका. ठिपके दाट, तिथे वस्ती. सुरुवात रिठापासून, म्हणजे उजाड गावाच्या पांढऱ्या टेकाडापासून झाली होती. मग ठिपके चहूबाजूंच्या वावरांत पसरले. खेडं वाटलं होतं, ते नगर निघालं. उद्या नागपूरच्या परिषदेत त्या हे मांडणार होत्या. आजवर मंचावर त्या पाहुण्यांची ओळख करून देत आल्या होत्या. उद्या पाहुण्या त्या होत्या.

“मॅडम, झेंडी लावली म्हंजे वावर सरकारजमा नाई ना?” वांगी तोडता तोडता मधुकररावांनी विचारलं.

“त्याईले वावर नाई, खापरं पायजेत,” त्यांची बायको धुरपता म्हणाली. “तुमाले नेतात का पाहा. तुमीबी जुनेच झाले.”

यामिनींचं लक्ष नव्हतं. सगळ्या झेंड्या धुऱ्याच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाच्या, अलीकडे होत्या. पलीकडच्या तुरीत एकही खापर मिळालं नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव मधुकररावांच्या हद्दीवर नेमकं कसं थांबेल? त्यांनी रिठाकडे पाहिलं. या बाजूने टेकाड उभं कापल्यासारखं होतं.

“धुरपताबाई, या वावरात रिठावरची माती टाकली व्हती का?”

“मंग! माह्या सासऱ्यानं उन्हाळाभर बैलबंड्या वाह्यल्या. पांढरीची माती, कांदा असा पोसे का इचारू नका. शेजाऱ्यानं मांगतली, तं त्याले देल्ली नाई. अजून बोलत नाईत.”

गावाकडे, रोहण्याला, यामिनींच्या वडिलांनीही मिरचीच्या वावरात हीच माती टाकली होती. मातीसोबत खापरंही येतात, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. नकाशा करताना ते सुचलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्या बाकीच्या वावरवाल्यांना भेटल्या. रिठाभोवतीच्या बहुतेकांनी माती नेली होती. नाल्यापलीकडे मात्र कुणीच नेली नव्हती. बंडी नाला ओलांडून जातच नसे. तिथली खापरं तीन मालकांचे धुरे पार करून सलग पसरली होती.

त्यांनी परिषदेचे संयोजक अच्युत यांना फोन लावला. दोघं एकाच वर्गात शिकलेले.

“अच्युत, शीर्षकातलं ‘नगर’ काढ.”

“पत्रिका छापून झाली, यामिनी. आणि उद्या समोर बसणाऱ्यांपैकी कोण वडनेरला येऊन माती तपासणार आहे?”

“मी तपासली ना.”

“मग उरलं काय? एक टेकाड. त्यावर वीस मिनिटं कोण ऐकेल?”

“टेकाड आहे, नाल्यापलीकडचा भाग आहे, आणि माती कुठून कुठे गेली तेही आहे. वीस मिनिटं पुरणार नाहीत.”

“तू बदलली नाहीस,” अच्युत म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी नकाशा पुन्हा काढला. मातीसोबत आलेल्या खापरांचे ठिपके पोकळ केले, पुसले नाहीत. काळे ठिपके निम्म्याहून कमी उरले.

परिषदेत अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला. “नाल्यापलीकडे वस्ती होती, याची खात्री आहे?”

“नाही,” यामिनी म्हणाल्या. “शक्यता आहे. खात्री खोदल्यावर सांगेन.”

टाळ्या बेताच्याच पडल्या. चाचणी खड्ड्याच्या परवानगीसाठी त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज केला.

नाल्यापलीकडचा हरभरा निघाला आहे. तिथल्या एका वावराचे मालक तानबा यांनी बाकीची जमीन नांगरली, पण खापरं सर्वांत दाट आहेत तो तुकडा तसाच ठेवला. “मिरगापर्यंत थांबतो, मॅडम,” ते म्हणाले. “मंग माह्याही पोटाचं पाहा लागन.”

परवानगी अद्याप आलेली नाही.