दोनदा दाबायचा ब्रेक

जुनी आहे मी, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, वय लपवून काय उपयोग? माझे सरकते दार उघडले की अर्धी गल्ली जागी होते. एका धुलाईच्या दुकानाची मी मालवाहू व्हॅन. पुढे बसायला दोन जागा आणि मागे सगळे पोटच पोट. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे दवाखान्यात नि लॉजवर पोचवायचे आणि येताना मळक्या चादरी घेऊन यायच्या, हे माझे काम. कामाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक पट्ट्यावरून मी सरकत होते. कुणी दिवे बसवले, कुणी दारे लावली, कुणी अंगावर पांढरा रंग मारला. शेवटी एका माणसाने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि "चल" म्हणाला. आयुष्यातली ती पहिली शाबासकी मी बरीच वर्षे जपली. पुढे विचार करता लक्षात आले, की तो मला शाबासकी देत नव्हता. मी बाजूला झाल्यामुळे तो माझ्या मागच्या गाडीला बोलावत होता.

दुकानाच्या मालकांनी मला कोरी करकरीत घेतली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण मालकांचे ते दिवस बरेच लांबले. रोज संध्याकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत. चिखलाच्या चपला घालून कुणी आत चढले, की तोंडाने काही न बोलता त्याच्या पायांकडे बघत राहत. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. मी तिला ताई म्हणते, कारण दुकानातली सगळी तिला ताईच म्हणतात. ती बाजूच्या जागेवर मांडीवर उशांचे अभ्रे घेऊन बसे आणि वळण आले की माझ्याऐवजी स्वतःच हॉर्नचा आवाज काढी. शेजारचे लोक म्हणत, "गाडी ठेवावी तर अशी." मी ऐकले नाही असे दाखवत असे.

मग मी जुनी झाले. एकदम कुणी जुने होत नाही. आधी खिडकीची काच आपोआप खाली घसरू लागली, तिथे मालकांनी पुठ्ठ्याची घडी अडकवली. मागचे दार लागेना, तर त्याला कमरेने एक धक्का द्यायचा असे ठरले. पंखा सुरू होत नसे, त्याच्यावर चापट मारली की तो फिरे. अशी एकेक युक्ती घरात रुजत गेली. मालक त्यांना कळा म्हणत. कुणी पाहुणा माझ्या दाराशी झटू लागला, की ते कौतुकाने म्हणत, "थांबा, त्याची एक कळ आहे. आमच्या गाडीच्या कळा आमच्या आम्हालाच ठाऊक." यात माझे कौतुक किती आणि माझी हेळसांड किती, हे मला कधी नीट ठरवता आले नाही.

दर वर्षी एकदा मला पासिंगला जावे लागे. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही, हे त्या दिवशी तपासतात. आमच्या गावात हे काम सरकारमान्य गॅरेजवालेच करतात, आणि इतकी वर्षे चौकातले मिस्त्री ते करत. आधी चार दिवस ते मला ठेवून घेत, काय सैल झाले ते आवळत, आणि मग तपासत. गेल्या वर्षीही मी पास झाले. त्यानंतर मिस्त्रींनी गॅरेज बंद केले आणि ते दूर मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी आता चष्म्याचे दुकान आहे.

आणि नेमके त्यानंतरच माझ्या ब्रेकचे सुरू झाले. एका सकाळी मालकांनी ब्रेक दाबला, तर पेडल खोल खाली गेले आणि मी थांबलेच नाही. त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला, तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी तेच. मागच्या चाकाकडे ब्रेकचे तेल नेणारी माझी नळी गंजून झिरपत होती. मला ते जाणवत होते, पण सांगणार कशी? मालकांना वाटले, आणखी एक कळ सापडली. ब्रेकच्या डबीतले तेल कमी झाले की ते वरून ओतत आणि ब्रेक दोनदा दाबत. बघता बघता ते त्यांच्या अंगवळणी पडले.

त्याच वर्षी ताई गाडी शिकली. कुठल्या शाळेत नाही, माझ्यावरच आणि वडिलांकडूनच. मालकांनी तिला हौसेने सांगितले, "पहिला दाब मानाचा, दुसरा कामाचा. आधी तळापर्यंत, मग पाय उचलून पुन्हा." ताईने दुसरी गाडी कधी चालवलीच नव्हती. तिला वाटले, ब्रेक असाच असतो. परवान्याची परीक्षाही तिने माझ्यावरच दिली. परीक्षक शेजारी बसून रस्ता बघत होते, तिचे पाय नव्हे. ती पास झाली, आणि मला मात्र तेव्हापासून धास्ती लागली.

कारण आता मालकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. सोमवारपासून चादरींची फेरी ताई एकटीने करणार होती. दवाखान्यापुढे लांब उतार आहे, आणि तिथे लोक फोनमध्ये तोंड घालून रस्ता ओलांडतात. त्या उतारावर ताई, तिचा तो दोनदा दाब आणि माझी झिरपती नळी, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे येई. माझी एकच आशा होती. पासिंगची तारीख सोमवारच्या आधीची होती. कुणीतरी मला नीट तपासावे आणि सरळ नापास करावे, असे मला मनापासून वाटत होते. नापास होण्यासाठी आसुसलेली गाडी तुम्ही कधी पाहिली नसेल.

मालक माझ्यातच बसून फोनवर गॅरेज शोधू लागले. एकाने व्हॅन घेत नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याकडे महिनाभर जागा नव्हती. तिसरा नंबर भलत्याच घरी लागला. "धुलाईच्या दुकानातून बोलतोय, पासिंगचं काय?" असे मालकांनी विचारले, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "पासिंगचं माहीत नाही, पण पडदे धुता का?" पडद्यांचे काम मिळाले, गॅरेज काही मिळेना.

तेवढ्यात ताईचे मामा आले. मामा म्हणजे सर्वज्ञ. कुठल्याही कामासाठी त्यांचा एक माणूस असतो.

"भाऊजी, फोन कसले करताय? माझा एक माणूस आहे," मामा म्हणाले. "गाडी दारात उभी करायची, आत बसून चहा प्यायचा, पास होऊन निघायचं. तो उठूनसुद्धा बघत नाही."

"बाबा, पाण्याच्या टाकीमागे एक गॅरेज आहे," ताई म्हणाली. "दवाखान्यातले ड्रायव्हरकाका तिथेच जातात. तिथल्या बाई फार नीट बघतात म्हणे."

"नीट बघतात? मग तर नकोच," मामा म्हणाले. "जुनी गाडी आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मालकांनी थोडा विचार केला. ऑपरेशन तोंडावर आलेले, गिऱ्हाईक थांबणारे नाही. "बरं, तुझ्या माणसाला सांग," ते म्हणाले. मामांनी जागच्या जागी फोन लावून उद्याची वेळ ठरवली. मला फार वाईट वाटले. मला कुणी तपासणारच नाही, हे तेव्हा नक्की झाले.

मामांची नवी गाडी माझ्यापुढे आडवी लावलेली होती. गठ्ठे घेऊन निघायचे होते, म्हणून मालकांनी ताईला ती बाजूला घ्यायला सांगितले. नवी गाडी भाचीच्या हाती सोपवायला मामांचा जीव होईना. ते स्वतः शेजारी बसले. पट्टा लावला नाही, दहा पावलांसाठी कोण लावतो. ताईने गाडी मागे घेतली, मग वळवून माझ्या दिशेने पुढे आणली आणि नेहमीच्या सवयीने ब्रेक तळापर्यंत दाबला.

गाडी जागीच थांबली. मामा कमरेतून वाकले आणि त्यांचे कपाळ समोरच्या काचेला लागले. ताईने पाय उचलला, गाडी सरकली, तिने दुसरा दाब दिला. मामा पुन्हा वाकले. मी समोरच उभी होते, त्यामुळे मामांनी मला दोनदा नमस्कार केला असेच दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मामा, तुमच्या ब्रेकला काहीतरी झालंय," ताई काळजीने म्हणाली. "पहिल्याच दाबात लागतोय तो."

"पहिल्याच दाबात नाही तर कधी लागायचा?" मामा कपाळ चोळत म्हणाले. "दुसऱ्यांदा काय आमंत्रण द्यायचं त्याला?"

"आमच्या गाडीचा दोनदा दाबावा लागतो. बाबांनी तसंच शिकवलंय."

मामा चोळायचे थांबले. "भाऊजी, काय म्हणतेय ही?"

"अरे, त्याची एक कळ आहे," मालक हसत म्हणाले.

मामा हसले नाहीत. ते उतरले, माझ्यात येऊन बसले आणि त्यांनी माझा ब्रेक दाबला. एकदाच. त्यांचा पाय जमिनीला टेकेपर्यंत खाली गेला. ते बराच वेळ पाय तसाच ठेवून बसले होते. मग त्यांनी फोन काढला आणि आपल्या माणसाला उद्याचे रद्द म्हणून कळवले. ताईकडे न बघताच त्यांनी विचारले, "ते टाकीमागचं कुठलं म्हणत होतीस गं?"

टाकीमागचे गॅरेज लहान होते. भिंतीवर नट आवळायचे पाने ओळीने टांगलेले, जमिनीवर तेलाचे जुने डाग, आणि मधोमध जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले. त्या रोलरवर चाके चढवतात, फिरवतात आणि ब्रेक किती पकडतो ते काट्यावर दिसते. तपासणाऱ्या बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी माझे दिवे पाहिले, टायरांवर बोट फिरवले, काचेतला पुठ्ठा काढून मालकांच्या हातात दिला. मग मला रोलरवर घेऊन ब्रेक दाबला. काटा जरासा हलला आणि पडला.

"बाई, दोनदा दाबा," मालक खिडकीशी येऊन सांगू लागले. "त्याची एक कळ आहे."

"गाडीसमोर आलेला माणूस दुसऱ्या दाबापर्यंत थांबतो का?" बाईंनी विचारले.

मालक खिडकीपासून मागे सरले. बाईंनी मला वर उचलून घेतले आणि बॅटरी लावून खाली पाहिले. इतक्या महिन्यांनी माझ्या नळीवर कुणाचा तरी उजेड पडला. बाईंनी तिथे बोट लावले, बोट ओले झाले. ते त्यांनी मालकांना दाखवले.

"तुम्ही कळ म्हणत होता ना? शब्द बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कळच येत होती तिला. तुम्ही ती रोज दोनदा दाबत होता."

आणि त्यांनी मला नापास केले. मित्रांनो, शाळेत नापास झालेल्या मुलाला घरी जाताना काय वाटते, ते मला ठाऊक नाही. मला मात्र भरून आले. माझे दुखणे खरे होते, हे कुणीतरी मोठ्याने म्हणाले होते.

मालक बाकावर जाऊन बसले. हातातला पुठ्ठा ते उगीच उलटसुलट करत होते. "मी शिकवलं तिला," ते म्हणाले. "मानाचा न् कामाचा. हसत हसत शिकवलं." ताई त्यांच्याजवळ बसली. तिने पुठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला. मामाही तिथेच उभे होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझा तो माणूस चहा बाकी चांगला करतो."

बाईंनी नळी बदलली. मागच्या दाराची कडी आणि खिडकीचेही काम करून टाकले, मालकांनीच ते सांगितले. शनिवारी मला पुन्हा रोलरवर चढवले. या वेळी काटा वर गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी पासिंगचा कागद माझ्या काचेवर लावला आणि ताईला मोकळ्या अंगणात दहा फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्या काही फेऱ्यांत आम्ही दोघी चांगल्याच ठेचकाळलो. हळूहळू तिचा पाय एका दाबावर थांबायला शिकला.

सोमवारी ताई एकटी निघाली. मागे इस्त्रीच्या चादरी होत्या. दवाखान्यापुढचा उतार आला. अर्ध्या उतारावर एक माणूस दोन गाड्यांच्या मधून एकदम रस्त्यावर आला. हातात फोन, काखेत औषधांची पिशवी. ताईने ब्रेक दाबला आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. त्याने मान वरसुद्धा केली नाही. फोनवर बोलत बोलत तो पलीकडे गेला. आपण कशातून वाचलो, हे त्याला कधीच कळणार नाही. ताईने मला गियरमध्ये टाकले आणि चादरी वेळेवर पोचवल्या.

मित्रांनो, मला फार मोठे काही सांगायचे नाही. घरात एखादी वस्तू नीट चालत नसेल आणि तिला चालवायची युक्ती तुम्हाला सापडली असेल, तर त्या युक्तीचे फार कौतुक करू नका. आधी तिला काय होते आहे ते बघा, आणि नीट बघणाऱ्याकडेच न्या. माणसांचेही तसेच असते. आईबाबा उठताना टेबल धरतात, आजोबा फोन नेहमी त्याच एका कानाला लावतात. तुम्हाला ती त्यांची सवय वाटते. जवळ जाऊन एकदा विचारा. आम्हा गाड्यांना बोलता येत नाही, आणि त्यांना येत असूनही ती सांगत नाहीत.