पाणी उतरवणारा अंगारा

पाचोडजवळच्या मळ्यात दर गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसायची. तिथले महाराज म्हणे अंगाऱ्याच्या एका पुडीत अंगाची सूज उतरवायचे. पुढ्यात भलंमोठं घमेलं मांडलेलं. "दवाखान्याच्या गोळ्या ह्यात टाका. औषध अन् अंगारा एका पोटात नांदत नाय," असं ते घोळवून घोळवून सांगायचे.

करुणानंही सासऱ्यांच्या, रामकिसनमामांच्या, गोळ्या टाकल्या. करणार काय बिचारी? मामांचं हृदय थकलं तेव्हा संभाजीनगरच्या आयसीयूचं बिल भरता भरता म्हशी गेल्या, गळ्यातली पोत गेली. आता पाय पुन्हा सुजले, दम लागू लागला, अन् त्या बिलाच्या धास्तीनं तिनं मळ्याची वाट धरली.

अन् काय नवल! मामांच्या लघवीच्या खेपा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पायात चप्पल बसली. ते बघून तशीच सूज असलेले शेजारचे नानासाहेबही गोळ्या टाकून आले. त्यांची सूज मात्र हटेना. दम कोंडून गेले बिचारे. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली. तेव्हापासून चूल फुंकतानाही करुणाला नानासाहेबांची घरघर ऐकू यायची. कुणी मागं उभं असल्यागत ती भिंतीला पाठ लावूनच बसायची.

एकदा नव्या पुडीच्या राखेत तिला गोळीचा तुकडा सापडला. आधी रोज मामांच्या हातावर जी गोळी ठेवायची, अगदी तिचाच. ती तडक गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तहरीमकडं गेली.

"अंगातलं पाणी लघवीवाटं काढणारी गोळी आहे ही," तहरीम म्हणाली. "तुम्ही घमेल्यात टाकता त्याच गोळ्या कुटून राखेतून देतोय तो महाराज. कुणाला दुप्पट जातं, कुणाला नुसती राख."

म्हणजे नानासाहेबांच्या वाट्याला नुसती राखच आली, हे करुणाच्या ध्यानात आलं.

गुरुवारी दोघी मळ्यात गेल्या. महाराजांची टकळी चालू असतानाच करुणा मागच्या खोलीत शिरली. तिथं गोळ्यांच्या भुकटीनं पांढरा पडलेला खलबत्ता होता, अन् रिकाम्या पाकिटांचं पोतं. तिनं ते पोतं लोकांपुढं ओतलं. "आपल्याच गोळ्या कुटून अंगाऱ्यात घालतोय ह्यो!" ती ओरडली.

"बिलाचं भ्या मलाबी हाय," ती म्हणाली. "पण रोजची गोळी बिलापेक्षा लई स्वस्त पडती. गोळी सुटली की पुन्हा भरती, पुन्हा तेच बिल. डोळं उघडा, आपापल्या गोळ्या उचला, अन् डॉक्टरला इचारून घ्या."

लोक घमेल्याभोवती गोळा झाले. त्यात नानासाहेबांची बायको मनकर्णाबाईही होती. तिनं घमेलं तळापर्यंत चाचपलं.

"अन् ह्यांच्या गोळ्या कुणाला दिल्या गं?" तिनं करुणाला विचारलं.

करुणानं कनवटीची मामांची पुडी सोडली, अन् राखेतला तो गोळीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.